नदीकाठची झाडे : वैरी की राखणदार?

पूर ओसरला की कृष्णाकाठी दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, काठावरची झाडेझुडपे साफ करा. त्यांच्यापायीच पाणी तुंबते. दुसरा म्हणतो, एका फांदीला हात लावाल तर याद राखा; झाडे आहेत म्हणून काठ शिल्लक आहे. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हापासून हा वाद फारच तापला. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, एवढे सांगितले म्हणजे परगावच्या वाचकांनाही त्या दिवसांची कल्पना यावी.

आमचे थोरले बंधू पहिल्या पक्षाचे कट्टर पुढारी. त्यांच्या घरी पाणी जिन्याच्या नवव्या पायरीला लागले होते. वहिनींच्या लग्नातला शालू, वडिलांच्या हातचे हिशेबाचे चोपडे, सारे गाळात गेले. मी पाटबंधाऱ्यांच्या कामात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस. तेव्हा जाब विचारायला मी हाताशी होतोच.

"अरे, तू एवढा इंजिनियर, मग सरळ सांग ना, झाडे तोडायची की नाहीत?"

"कुठली झाडे, दादा? आणि ती उभी आहेत कुठे?"

"हे तुझे सरकारी उत्तर झाले!"

उत्तर सरकारी असेल, पण खरे तेच आहे. ते का, एवढे समजावून सांगण्यासाठी हा लेख.

पाण्याच्या वाटेतला अडथळा

रॉबर्ट मॅनिंग नावाच्या आयरिश इंजिनियरने १८८९ साली वाहत्या पाण्याचे एक सूत्र मांडले. आजही जगभर नद्यांचे हिशेब त्याच्यावर चालतात. त्यात एक आकडा असतो, तो पात्राच्या खडबडीतपणाचा. आकडा जितका मोठा, तितका पाण्याला अडथळा अधिक. व्हेन ते चौ यांच्या १९५९ च्या प्रसिद्ध ग्रंथात या आकड्यांचे कोष्टकच दिले आहे. स्वच्छ, सरळ पात्राचा आकडा ०.०३०. पूरमैदानात आखूड गवत असेल तरी तितकाच. उभे पीक असेल तर ०.०४०. दाट झुडपांचे रान उन्हाळी पालवीने भरलेले असेल तर ०.१००, आणि विलोची दाट गर्दी असेल तर ०.१५०, म्हणजे मोकळ्या पात्राच्या पाचपट!

आता थोडे गणित. रुंद, एकसारखे पात्र घेतले, उतार व पाणी तेवढेच ठेवले आणि हा आकडा दुप्पट केला, तर पाण्याची खोली सुमारे दीडपट होते. दहा फूट वाहणारे पाणी पंधरा फुटांवर जाते. प्रत्यक्षात झाडी पात्राच्या एखाद्या भागातच असते, म्हणून फरक इतका पडत नाही. पण बंधूंच्या रागाला आधार आहे, हे कबूल केले पाहिजे.

मात्र याच गणिताची दुसरी बाजू आहे. जे रान पाणी अडवते, ते पुराला उशीरही करते. गावाच्या वरच्या अंगाला, रुंद मैदानात ते असले तर पाणी तिथे पसरते, रेंगाळते, आणि पुराचा माथा खालच्या गावापर्यंत थोडा बुटका होऊन व उशिरा पोचतो. मुळांनी काठ धरून ठेवला जातो, तो फायदा निराळाच. पण तेच रान गावाच्या खालच्या अंगाला, ऐन प्रवाहाच्या वाटेत आडवे उभे राहिले, तर पाणी मागे गावात फुगते. झुडूप एकच; एका जागी राखणदार, दुसऱ्या जागी वैरी. म्हणून 'कुठे?' हा प्रश्न पहिला, आणि त्याचे उत्तर नकाशाच देऊ शकतो.

डच लोकांचा वनस्पतींचा सातबारा

असा नकाशा मी प्रथम पाहिला तो हॉलंडमध्ये. माझी मुलगी तिकडे नायमेखेन गावी असते. ऱ्हाइनचा मोठा फाटा, वाल नदी, गावाला लागूनच वाहते. १९९५ साली तिथल्या नद्या इतक्या चढल्या की सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर डचांनी केवळ बांध उंच करण्याचा नाद सोडून नदीला जागा द्यायचे ठरवले. नायमेखेनसमोरचा बांध सुमारे ३५० मीटर मागे सारला, पन्नासएक घरे हलवली आणि पुराच्या पाण्यासाठी नवा फाटा खणला.

पण जागा दिली की तीत रान माजते, आणि दिलेली जागा पुन्हा भरून जाते. याला उपाय म्हणून तिथल्या सरकारी जलखात्याने मोठ्या नद्यांच्या पूरमैदानांचा एक नकाशा केला आहे. त्याच्या डच नावाचा अर्थ 'वनस्पतींची नोंदवही'. मला तर तो आपल्या सातबाऱ्याचा भाऊच वाटला. कुठल्या तुकड्यात गवत वा शेत चालेल, कुठे उंच बोरू, कुठे झुडपे, कुठे वन, हे त्यात रंगांनी दाखवलेले असते. पुराचे पाणी जिथून जोरात जाते त्या पट्ट्यात नियम कडक. बाजूच्या सावकाश पाण्यात रानाला मोकळीक. जमीन शेतकऱ्याची असो की निसर्गरक्षण संस्थेची, ठरलेल्यापेक्षा दाट रान होऊ द्यायचे नाही.

"बाबा, ही घोडी बघा, हीच इथली माळी!" मुलगी म्हणाली. गावाजवळच्या मिलिंगरवार्ड नावाच्या पूरमैदानात अर्धरानटी कोनिक घोडी आणि गॅलोवे गुरे चरायला सोडलेली आहेत. ती कोवळी रोपे खातात, रान आपोआप विरळ राहते.

नकाशा ताजा ठेवण्याचे काम आता उपग्रह करतात. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंच्या प्रमाणावरून रान किती दाट ते कळते. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी, दहा मीटरचा तुकडा ओळखू येईल अशी चित्रे देतात, आणि ती साऱ्या जगाला फुकट आहेत. म्हणजे कृष्णेची चित्रेही कुठेतरी साठत आहेत! झाडांची उंची हवी असेल तर विमानातून लेसर किरण सोडून मोजतात. तरीही कुणीतरी काठाने पायी फिरावेच लागते. हिरवा ठिपका करंजाचा की बेशरमीचा, हे आकाशातून नेहमी ओळखता येत नाही.

कृष्णेच्या नकाशात काय असावे?

आपल्याकडे पूररेषांचे नकाशे आहेत. साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतल्या पुराची तांबडी. पण त्या रेषांच्या आत काय उगवले आहे, याचाही रंग त्यावर चढला पाहिजे. उंबर, करंज, निर्गुडी, लव्हाळा, पाणकणीस एका रंगात. बेशरम आणि वेडी बाभूळ या परक्या पाहुण्यांची दाट जाळी दुसऱ्या रंगात. कात्री लावायची तर आधी इथे. काठाला भिडलेला ऊसही तिसऱ्या रंगात, कारण उभ्या पिकाचाही अडथळा होतोच.

आणि चौथा रंग प्राण्यांसाठी. सांगली भागात कृष्णेत मगरी आहेत. त्यांना अंडी घालायला झाडी नको, मोकळा वाळूचा काठ हवा. खंड्याला बीळ करायला मातीची उभी दरड हवी, सुगरणीला घरट्यासाठी उंच गवत, पाणमांजराला लपायला मुळांची कपार. तेव्हा निसर्ग राखणे म्हणजे सगळे हिरवे करणे नव्हे. काही जागा उघड्याच राखाव्या लागतात. या उघड्या जागा पाण्याच्या वाटेत असतील, तर मगर आणि इंजिनियर दोघेही खूश!

या नकाशाने २०१९ सारखा पूर टळेल, असे मी म्हणणार नाही. तेवढा पाऊस कोसळल्यावर काठ भादरून टाकले असते तरी पाणी चढलेच असते. पण एखाद्या गल्लीत पाणी उंबऱ्याशी थांबते की आत येते, हा फरक पुष्कळदा काही इंचांचा असतो. आणि ते इंच ज्यांच्या घरात मोजले गेले आहेत, त्यांना त्यांची किंमत विचारावी.

हे सारे मी बंधूंना कागदावर काढून दाखवले. त्यांचा राग पुरता गेला नाही. पण नगरपालिकेत काठ साफ करण्याचा अर्ज घेऊन जायचे ठरले, तेव्हा त्यांनी त्यात एक ओळ वाढवली : 'काय तोडणार व काय ठेवणार, याचा नकाशा आधी दाखवावा.' नदीकाठच्या प्रत्येक गावाने आपल्या अर्जात ही ओळ घालायला हरकत नाही.