मृगजळ, गंधर्वनगर व दृष्टिभ्रम : एक पारिभाषिक टिपण

जालन्याच्या मस्तगडात वाढलेल्या विद्यार्थ्यास ‘मृगजळ’ हा शब्द कोशात पाहावा लागत नाही. वैशाखातील दुपारी उघड्या रस्त्यावर ते दिसतेच. तोच विद्यार्थी कोकणच्या समुद्रात कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्याने चालवावयाच्या चिंचोळ्या होडीत, बसला तर त्याची दृष्टी पाण्यापासून जेमतेम पाऊण-एक मीटर उंच असते. क्षितिज तीन-साडेतीन किलोमीटरांवर येते. अशा वेळी क्षितिजाआड दडलेले बेट कधी वर उचलल्यासारखे दिसते व वल्हविणारा ते जवळ आहे असे समजतो. या दोन्ही आभासांना आपण एकच नाव देतो. ते योग्य नाही.

प्रकाशकिरण घनतर हवेकडे वळतो. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ असल्याने आकाशातून उतरणारा किरण वर वळतो आणि आकाशच जमिनीवर दिसते. ‘जळ’ ही भर आपल्या मनाची. समुद्रावर थंड हवेवर उष्ण हवेचा थर पसरला म्हणजे किरण उलट खाली, पृथ्वीच्या गोलाईस धरून, वाकतो. दुसऱ्या महायुद्धकाळी मुंबईच्या रडारवर उन्हाळ्यात अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी येत, ते अशाच थरांमुळे. मात्र रेडिओलहरींच्या बाबतीत आर्द्रतेचा वाटा फार मोठा असतो.

या दुसऱ्या प्रकारात प्रतिमा कधी ताणल्या जाऊन मनोऱ्यांसारख्या भासतात. इटालियनांनी त्यास मॉर्गाना या मायाविनीचे नाव दिले. आपणांस उसनवारीची गरज नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘गंधर्वनगर’ या विषयावर स्वतंत्र अध्याय आहे. त्याचा हेतू शकुन पाहण्याचा, आणि काही वर्णने मेघांचीही असू शकतील. तथापि शब्द अर्थवाही आहे व आज जवळजवळ रिकामा पडून आहे. वेदान्त्यांनी दोन्ही शब्द मिथ्यात्वाच्या दृष्टांतासाठी वापरल्यामुळे ते एकरूप झाले असावेत, असे मला वाटते.

‘दृष्टिभ्रम’ मात्र येथे वर्ज्य मानावा. मृगजळाचे छायाचित्र निघते. क्षितिजावरचा सूर्य मोठा वाटतो हा खरा दृष्टिभ्रम, कारण छायाचित्रात तो मोठा येत नाही. उलट वक्रीभवनाने किंचित चपटाच येतो. तेथे वक्रीभवन सुमारे 34 कला, सूर्यबिंब सुमारे 32 कला. म्हणून बिंबाची खालची कड पाण्याला टेकलेली दिसते त्या क्षणी वस्तुतः संपूर्ण सूर्य क्षितिजाखाली गेलेला असतो.