गाजर चघळणारा करमचंद

१९८५ साली दूरदर्शनवर अवतरलेला करमचंद हा हिंदी मालिकांमधील पहिल्या लोकप्रिय खासगी गुप्तहेरांपैकी एक होय. पंकज पराशर यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत पंकज कपूर यांनी काळा चष्मा लावून, खुनाच्या जागीही निर्विकारपणे गाजर कुरतडत, पोलीस गोंधळात असताना गुन्हेगार हुडकणारा हा विक्षिप्त इसम साकारला. मराठी वाचक बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांमुळे धनंजय, झुंजार यांसारख्या धीरोदात्त नायकांशी परिचित होता, आणि त्या तुलनेत करमचंद अगदीच आगळा ठरला.

अशा मालिकांचे खरे बळ विनोद आणि रहस्य यांच्या संगनमतात असते. सुश्मिता मुखर्जी यांनी रंगविलेली सहायक किटी भाबडे प्रश्न विचारते, करमचंद तिला गप्प करतो, प्रेक्षक हसतो, आणि त्या हशाच्या आड एखादा सुगावा, म्हणजे गुन्ह्याची उकल करणारा बारीकसा दुवा, डोळ्यांदेखत निसटून जातो. (किटीला दर वेळी गप्प करणे आज थोडे खटकते, हे मान्य करावे लागेल.) ‘कोलंबो’ या अमेरिकन मालिकेत तर खुनी कोण हे आरंभीच दाखविले जाते, त्यामुळे चुरगळलेल्या रेनकोटमधील त्या वेंधळ्या भासणाऱ्या अधिकाऱ्याला कमी लेखणारा गुन्हेगार आपल्याच बोलण्यात कसा अडकतो, एवढेच कुतूहल उरते आणि ते पुरेसे ठरते.