ओटीपी येतो कुठे?

शाळा नुकतीच सुरू झाली होती. ब्राह्मणपुरीची एक खाला नातीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आमच्याकडे आली. आधार क्रमांक टाकला, 'ओटीपी पाठवला आहे' असे स्क्रीनवर आले आणि आम्ही सगळे खालाच्या मोबाईलकडे पाहत बसलो. काहीच आले नाही.

नववीतली नात हुशार. आम्ही विचारताच तिने सांगितले, "ओटीपी म्हणजे वन टाइम पासवर्ड." खालाने मात्र साधा प्रश्न केला, "लेकिन सर, वो आता कहाँ है?"

उत्तर शोधताना कळले की आधारला जोडलेला नंबर तिच्या भाच्याचा होता. तो सुरतेला कामाला गेला आणि ते सिम त्याने केव्हाच टाकून दिले. बंद पडलेला नंबर कंपनी किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. म्हणजे खालाच्या घराची चावी एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात असू शकते!

त्या दिवशी आम्हालाही धडा मिळाला. आम्ही मुलांकडून अशा शब्दांची पूर्ण रूपे पाठ करून घेतो, पण त्या शब्दाचे काम काय हे सांगत नाही.

आपल्या शहादा तालुक्याला तर हे आधी कळायला हवे होते. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार कार्ड याच तालुक्यातील टेंभली गावात रंजना सोनवणे यांना देण्यात आले. तेव्हा तो केवळ 12 अंकी ओळख क्रमांक होता. पुढे त्याला मोबाईल आणि बँकेचे खाते जोडले गेले. म्हणून आज नुसता क्रमांक पाठ असून भागत नाही, त्याला जोडलेला मोबाईल नंबरही आपल्या हातात हवा.

आता घरात रोज कानावर पडणारे काही शब्द कामानिशी समजून घेऊ.

सिम म्हणजे सब्स्क्रायबर आयडेंटिटी मॉड्यूल. नेटवर्क आपल्याला या चिपवरून ओळखते. हँडसेट कोणाचाही असो, सिम ज्यात असेल तिथेच मेसेज जातो. सिम चालू असूनही नेटवर्क अचानक गेले आणि बराच वेळ परत आले नाही, तर कंपनीकडे लगेच चौकशी करावी. कोणी आपल्या नावाने दुसरे सिम काढलेले असू शकते.

आयएमईआय हा हँडसेटचा 15 अंकी क्रमांक. *#06# दाबले की तो दिसतो. तो वहीत लिहून ठेवावा. मोबाईल चोरीला गेल्यास सरकारच्या 'संचार साथी' सेवेतून याच क्रमांकावरून तो बंद करता येतो. आपल्या नावावर किती सिम आहेत, हेही तिथे कळते.

केवायसी म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणे. ते बँकेचे काम आहे. "केवायसी संपली, ही लिंक दाबा" असा फोन आला तर तो ठेवून द्यावा आणि स्वतः शाखेत जाऊन विचारावे.

यूपीआय पिन पैसे घेताना लागत नाही. पैसे घेण्यासाठी पिन मागणारा माणूस फसवणारा आहे, हे लहान मुलांनाही सांगून ठेवावे.

एचटीटीपीएस मधल्या शेवटच्या 'एस'चा अर्थ इतकाच, की आपण पाठवलेला मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे, याची हमी हे अक्षर देत नाही.

आणि ओटीपी? ती एकदाच चालणारी चावी. घराची चावी आपण फोनवर मागणाऱ्याला देत नाही, मग हीसुद्धा देऊ नये. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये, ताबडतोब 1930 वर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

खालाला आम्ही आधार केंद्रावर नेले. बोटांचे ठसे देऊन तिने स्वतःच्या नावाचा नंबर जोडला. काही दिवसांनी अर्ज पुन्हा भरताना तिच्याच मोबाईलवर मेसेज वाजला. नात वाचायला पुढे झाली, तर खाला म्हणाली, "ज़ोर से मत पढ़!"

वाचकहो, या जुम्म्याला दुपारच्या जेवणानंतर घरातल्या सर्वांना एकत्र बसवा. अम्मी, अब्बा, दादी यांच्या आधारला, बँकेला आणि रेशन कार्डाला कोणता नंबर जोडला आहे ते एका वहीत लिहा. तो नंबर आज चालू आहे का आणि घरातच आहे का, एवढे तपासा. वडीलधाऱ्यांची ही अमानत सांभाळणे शिकल्या-सवरल्या मुलांचे काम आहे.