मधुमेहाचे मूळ गर्भावस्थेत : डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन

मधुमेह हा सधन, स्थूल आणि उतारवयातील व्यक्तींचा विकार होय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. भारतातील वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख व्यक्ती मधुमेहग्रस्त असून आणखी १३ कोटी ६० लाख व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. यांपैकी अनेक जण रूढ अर्थाने स्थूल नाहीत. या विसंगतीची कारणमीमांसा हाच पुणे येथील के. ई. एम. रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाचा केंद्रबिंदू राहिला आहे.

संशोधनाची पार्श्वभूमी

पुण्यातील वैद्यकीय शिक्षणानंतर डॉ. याज्ञिक यांनी ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरीमध्ये मधुमेहाविषयी संशोधन केले आणि नंतर पुण्यात परतून आपले कार्य उभारले. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये डेव्हिड बार्कर यांनी गर्भावस्थेतील कुपोषणाचा प्रौढ वयातील विकारांशी संबंध असल्याचे मत मांडले होते. पोषण अपुरे असल्यास गर्भ मेंदूच्या वाढीला प्राधान्य देतो, तर स्नायू व स्वादुपिंड यांच्या वाढीत काटकसर होते, असे या विचाराचे सूत्र आहे. पुण्यातील चार वर्षांच्या बालकांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या विचाराला दुजोरा मिळाला. जन्मतः वजन कमी असलेल्या बालकांमध्ये ग्लुकोज दिल्यानंतर रक्तातील साखर व इन्सुलिन यांची पातळी तुलनेने अधिक आढळली.

कृश, तरीही मेदयुक्त

१९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ सुरू झाला. गर्भधारणेपूर्वीपासून स्त्रियांच्या नोंदी ठेवून त्यांच्या अपत्यांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेणे, हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य होय. येथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याच्या बालकांचे स्नायू व पोटातील अवयव लहान होते. त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने फारसा कमी नव्हता. यावरून ‘कृश-मेदयुक्त’ भारतीय बालक ही संकल्पना पुढे आली.

स्नायू हे ग्लुकोज वापरणारे प्रमुख ऊतक आहे. ते कमी आणि मेद अधिक असल्यास इन्सुलिन या संप्रेरकाचा प्रभाव घटतो व स्वादुपिंडावरील ताण वाढतो. वजनकाट्यावर हा धोका दिसत नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचाही शरीर वस्तुमान निर्देशांक २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरातील मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरातील मेद २१.२ टक्के होता. भारतीयांमध्ये हा निर्देशांक २३ झाल्यास अतिवजन व २५ झाल्यास स्थूलता मानावी, अशी शिफारस भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली केली. त्यामागील तर्क या उदाहरणातून सहज ध्यानात येतो.

सूक्ष्म पोषकद्रव्यांचे महत्त्व

हिरव्या पालेभाज्या व फळे वारंवार खाणाऱ्या मातांची बालके आकाराने मोठी होती, असे या अभ्यासात आढळले. केवळ उष्मांकांची बेरीज पुरेशी नसून आहाराची गुणवत्ताही महत्त्वाची आहे, असे त्यावरून सूचित झाले. बहुसंख्य मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. हे जीवनसत्त्व दूध व मांसाहारी पदार्थांतून मिळते. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या अपत्यांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक असल्याचे २००८ साली प्रसिद्ध झाले.

या निष्कर्षाचा अर्थ जपून लावला पाहिजे. निरीक्षणात्मक अभ्यास सहसंबंध दाखवितो. त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. फोलिक आम्ल गर्भाच्या मज्जारज्जूतील दोष टाळण्यासाठी आवश्यक असल्याने ते बंद करणे हा उपाय नव्हे. ब-१२ची उणीव भरून काढणे हा विचाराचा मुद्दा आहे. त्याची प्रत्यक्ष परीक्षा घेण्यासाठी याच समूहातील तरुण-तरुणींना ब-१२ देण्याची चाचणी २०१२ साली सुरू झाली. तिची दृष्टी पुढील पिढीच्या आरोग्यावर आहे.

धोरणात्मक अर्थ

कुपोषण व मधुमेह या परस्परविरोधी समस्या नसून एकाच साखळीचे दुवे आहेत, हे या संशोधनाचे सार होय. म्हणूनच किशोरवयीन मुलींचे पोषण, लोह-फोलिक आम्ल पुरवठा आणि मातृत्व साहाय्य यांकडे केवळ माता-बाल कल्याणाचे कार्यक्रम म्हणून पाहणे अपुरे ठरते. प्रौढांची तपासणी व उपचार आवश्यक आहेतच. परंतु मधुमेहाच्या प्रतिबंधाचा आरंभ भावी मातेच्या ताटापासून व्हावयास हवा.