दोन लाव्हांमधले तळे

नागपुरातील सीताबर्डीच्या टेकडीचे नाव घेताच १८१७ च्या लढाईचे स्मरण व्हावे हे स्वाभाविकच आहे. परंतु ज्या काळ्या पाषाणावर तेथील किल्ला उभा आहे, त्याची हकीकत भोसल्यांच्या दफ्तरात सापडणारी नव्हे. ती भूशास्त्रज्ञाला विचारावी लागते. खनिजे हुडकून देणारा इसम ही त्याची लोकांत रूढ झालेली ओळख खोटी नाही, पण फार तोकडी आहे. कारण कोणता थर आधी साचला, कोणता मागाहून आला आणि दोहोंच्या दरम्यान किती काळ लोटला, हा क्रमाचा प्रश्न त्याच्या सर्व उद्योगाच्या मुळाशी असतो.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून लाव्हारस वर आला, पुनःपुन्हा येत राहिला, आणि त्याच्या थरांवर थर चढून जो मुलूख तयार झाला, त्यापैकी आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर शिल्लक आहे. या कृष्णप्रस्तराचा नुसता विस्तार सांगून थांबले तर खरी गोष्ट हातची निसटते. स्टीफन हिस्लॉप हा १८४५ मध्ये नागपुरास आलेला स्कॉटिश मिशनरी व त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांना सीताबर्डीच्या व टाकळीच्या परिसरात दोन लाव्हाथरांच्या मध्ये दबलेला, जाडीने अगदी किरकोळ असा गाळाचा थर आढळला. आणि त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, माशांचे खवले, कीटकांची पंखकवचे, इतकेच नव्हे तर फळे आणि बियादेखील दगड होऊन राहिलेली होती. १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात त्यांनी याचा तपशील प्रसिद्ध केला.

तप्त रसात गोगलगाय जगत नाही. म्हणून येथे तळे होते. तळ्याकाठी झाडे होती. आणि ती उगवून फळावर येण्याइतका ज्वालामुखीला विराम पडला होता, असा निष्कर्ष त्या चिमुकल्या शंखावरून निघतो. मुंबईत वरळीच्या अशाच मधल्या थरात सापडलेल्या बेडकाचे वर्णन रिचर्ड ओवेन या विख्यात शास्त्रज्ञाने १८४७ मध्येच केले होते. माझ्या मते शेकडो फूट अभेद्य पाषाणापेक्षा हा हातभर गाळ अधिक मोलाचा आहे, आणि रस्त्यासाठी वा इमारतीसाठी टेकडी फोडताना तो कोणी न पाहता भरावात जावा, ही हानी भरून निघणारी नाही.

घाटांच्या कापांत काळ्या थरांमधून आडवी जाणारी तांबडी पट्टी असते, तीही अशाच विरामाची साक्ष आहे: खालचा थर झिजून त्याची माती झाली आणि वरून आलेल्या लाव्हाने ती भाजून काढली. लाव्हाथराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून जो सच्छिद्र, पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक होतो, तो विहीर खोदणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. कारण तो झिजून पोकळ झालेला असला तर तेथे पाणी लागण्याची आशा असते, आणि खालच्या घट्ट काळ्या पाषाणात भेगा नसतील तर कितीही सुरुंग लावले तरी विहीर कोरडीच राहते.