अनोळखी रेणू कॉम्प्युटर कसा ओळखतो? ‘डेंड्राल’ची गोष्ट

एखाद्या वनस्पतीच्या अर्कात नवा पदार्थ सापडला, तर तो नेमका काय आहे हे कसं कळतं? रेणू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ तो मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात टाकतात. तिथे रेणू फुटतो आणि यंत्र तुकड्यांचं वस्तुमान नोंदवतं. आता खापऱ्यांवरून मूळ मडकं ओळखायचं!

हे अवघड का आहे?

अणू तेच असले, तरी त्यांची जोडणी वेगळी असू शकते. १० कार्बन आणि २२ हायड्रोजन अणूंपासून ७५ वेगवेगळ्या रचना होतात. २० कार्बन आणि ४२ हायड्रोजन घेतले, तर हा आकडा ३ लाख ६६ हजार ३१९ वर जातो. त्या एकेक करून तपासणं माणसाला शक्य नाही.

मग मार्ग कसा निघाला?

१९६५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘डेंड्राल’ प्रकल्प सुरू झाला. नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग, संगणकतज्ज्ञ एडवर्ड फायगेनबॉम, ब्रूस ब्युकॅनन आणि रसायनशास्त्रज्ञ कार्ल जेरासी यांनी तो उभा केला. तज्ज्ञांच्या डोक्यातले नियम त्यांनी प्रोग्रॅममध्ये उतरवले. अशा प्रोग्रॅमला ‘एक्स्पर्ट सिस्टीम’ म्हणतात.

नियम म्हणजे काय?

कीटोन या प्रकारच्या रेणूचं उदाहरण घेऊ. तो कार्बन-ऑक्सिजनच्या जोडीच्या एका किंवा दुसऱ्या बाजूला तुटतो. दोन्ही वेळा ही जोडी यंत्र नोंदवतं त्या तुकड्यात राहते, म्हणजे ती दोनदा मोजली जाते. तिचं वस्तुमान २८. त्यामुळे दोन तुकड्यांची बेरीज मूळ रेणूपेक्षा २८ ने जास्त भरते. ३-ऑक्टॅनोनचं वस्तुमान १२८ आहे आणि तुकडे ५७ व ९९ चे. बेरीज १५६!

अशा नियमांनी डेंड्राल अशक्य रचना आधीच बाद करायचा. उरलेल्या प्रत्येकीचा स्पेक्ट्रम कसा दिसेल याचा अंदाज बांधून तो खऱ्या स्पेक्ट्रमशी ताडून पाहायचा आणि क्रमवारी लावायचा.

मर्यादा कोणती?

ज्या रेणूंचे नियम दिलेले नाहीत, तिथे तो अडायचा. म्हणून १९७० च्या दशकात नोंदींमधून स्वतःच नियम शोधणारा ‘मेटा-डेंड्राल’ आला.

वेगवान कॉम्प्युटरइतकंच त्याला दिलेलं ज्ञानही मोलाचं असतं, हे डेंड्रालने दाखवून दिलं. शिवाय एखादी रचना का बाद झाली, हे नियम बघून तपासता यायचं. आजच्या एआयकडून आपण अजूनही हेच मागतोय.