जुन्या फियाटचे छत का गळते? नुसती लांबी भरून का भागत नाही?

बारामती, इंदापूर हा पर्जन्यछायेचा भाग. इथे जोराचा पाऊस पडतो तो बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परतीचा. वर्षभर शेडमध्ये झाकून ठेवलेल्या जुन्या फियाटचे छत गळते आहे, हेही अनेकदा तेव्हाच कळते. मग छतावर लांबी भरून रंग मारला जातो. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी फोड येतो. असे का होते?

फियाटचे इंदापूरशी नाते काय?

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्यातील कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडली. १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून बाद झाली. आता उरल्या आहेत त्या हौसेने जपलेल्या घरच्या गाड्या.

पाणी नेमके कुठून येते?

छताचा पत्रा आणि बाजूचा सांगाडा दरवाजांच्या वरच्या पन्हळीत एकमेकांना जोडलेले असतात. हा सांधा सलग वेल्ड केलेला नसतो. ठरावीक अंतरावर स्पॉट वेल्डिंगचे टिपके असतात आणि मधली फट सीलंटने बंद केलेली असते. उन्हाने हे सीलंट वाळते, तडकते. पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये शिरते आणि गंज आतून बाहेर येतो. त्यामुळे वरून फक्त बारीक फोड दिसत असला, तरी खाली पत्रा बराच खाल्लेला असू शकतो. लांबीने खड्डा भरतो, गंज थांबत नाही. शिवाय या गाडीला वेगळी चॅसी नाही. बॉडी हाच सांगाडा असल्याने छताचा सांधा मजबुतीचाही भाग आहे.

दुरुस्तीची योग्य पद्धत कोणती?

- आधी काचांचे रबर तपासा. गळती तिथूनही असू शकते.
- छताचे आतले कापड उतरवा. वेल्डिंगची ठिणगी पडून ते पेट घेऊ शकते.
- पन्हळीतील जुने सीलंट खरवडून, वायर ब्रशने पत्रा उघडा करा.
- कुजलेला भाग कापून त्याच जाडीचा नवा तुकडा बसवा. टाके लांब-लांब घाला आणि प्रत्येक टाका थंड होऊ द्या. छताचा पत्रा रुंद आणि पातळ असतो. एकाच जागी उष्णता लागली की त्याला लाटा येतात.
- गंजरोधक प्रायमर, त्यावर बॉडीचे सीम सीलंट, मग रंग, असा क्रम ठेवा. खिडकीचे सिलिकॉन वापरू नका. त्यावर रंग धरत नाही.
- शेवटी पाइपने खालून वर हळूहळू पाणी सोडा. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे. म्हणजे थेंब नेमका कुठून येतो ते कळते.

सगळे छतच बदलले तर?

इथे घाई महागात पडू शकते. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या, व्यावसायिक वापरात नसलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी आणि ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळू शकतो. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला नसावा. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आणि मुदत १० वर्षे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९७४ च्या पहिल्या पद्मिनींनी पन्नाशी ओलांडली आहे. त्यामुळे छत कापण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे.

काम देताना काय पाहावे?

‘लांबी किती भरणार?’ यापेक्षा ‘पन्हळ उघडून दाखवणार का?’ हे गॅरेजवाल्याला विचारा. पत्रा उघडा असताना, वेल्डिंगनंतर आणि प्रायमर मारल्यावर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रंग चढल्यावर आतले काम दिसत नाही. गाडी मूळ पत्र्यावरच दुरुस्त झाली, हे सांगायला तेच फोटो उपयोगी पडतात.